कच्चे आणि पक्के

आपल्या भाषेने ‘कच्चा’ या शब्दावर थोडा अन्यायच केला आहे. गणितात मागे पडणारा मुलगा कच्चा, खडी न घातलेला रस्ता कच्चा, आणि खेळात ज्याला केवळ रडू नये म्हणून घेतले आहे, परंतु ज्याच्या बाद होण्याला कोणी किंमत देत नाही, तो कच्चा लिंबू. उलट पक्की नोकरी, पक्के घर, पक्का निश्चय म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनाला स्वस्थता येते. ‘पक्का लबाड’ असेही आपण म्हणतो खरे. परंतु तेथेही त्या गृहस्थाच्या लबाडीत काही कसर उरलेली नाही, अशा प्रकारचा एक आदरच डोकावत असतो.

माझे स्वतःचे आयुष्य तर कच्च्याचे पक्के करण्यातच गेले. पस्तीस वर्षे मी हिशेबाच्या खात्यात काम केले. कच्च्या टिपणावरून रोजकीर्द, रोजकीर्दीवरून खतावणी, आणि पक्क्या वहीत एकदा शाई पडली की खाडाखोड नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. पुढे वह्या जाऊन संगणक आले तरी नियम तोच राहिला. असल्या धंद्यात मुरलेल्या माणसाचे मनही हळूहळू पक्क्या वहीसारखे होते. आपल्या मतांत खाडाखोड करावी लागली तर त्याला ती मानहानी वाटते.

पक्क्यावरील या आपल्या भक्तीला संतचरित्रांचाही आधार मिळतो. तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबांच्या थापटण्याकडे बोट दाखवून ते काय म्हणून विचारले. याने मडकी कच्ची की पक्की ते कळते, असे त्यांनी सांगितले. तेव्हा आमचीही परीक्षा पाहा, असा आग्रह झाला. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. इतर निमूट बसले, नामदेव मात्र रागावले. आणि एवढे मडके कच्चे राहिले, असा निकाल लागला. लहानपणी ही कथा ऐकताना मी मनाशी ठरवून टाकले होते की, आपण काही नामदेवांसारखे पकडले जायचे नाही. कथेचे तात्पर्य हे नव्हे, हे उमजायला मला साठी ओलांडावी लागली. आणि तेही एखादी पोथी वाचताना नव्हे, तर लोणी काळभोरच्या एका पडवीत, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले असताना.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे हडपसर मागे पडल्यावर लोणी काळभोर लागते. तेल कंपन्यांचे साठे, टँकरांच्या रांगा, गोदामे आणि नवी गृहसंकुले यांच्या गर्दीतून जुने गाव अधूनमधून डोके वर काढते. राज कपूर यांची राजबाग याच गावची. तेथे आज एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ उभे आहे, आणि त्यामुळे कलेचे शिक्षण हा शब्द या बाजूला आता परका राहिलेला नाही. मी ज्या वर्गाला जाऊ लागलो तो मात्र असा मोठा नव्हे. एका घराच्या मागच्या पडवीत दर शनिवारी सात-आठ माणसे जमतात, आणि माझ्या मुलीपेक्षाही लहान अशी एक ताई त्यांना चाकाशिवाय, नुसत्या हाताने मातीची भांडी घडविण्यास शिकविते. विजेची एक लहानशी भट्टी एवढेच तेथले वैभव.

हाताने भांडे घडविण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली चिमटीची: गोळ्यात अंगठा रोवायचा आणि गोळा फिरवीत फिरवीत अंगठा व बोटे यांच्या चिमटीत त्याची भिंत पातळ करीत न्यायची. ही रीत मला तीन शनिवारांत साधली नाही. शेजारच्या काकूंना पहिल्याच दिवशी साधली. मी आश्चर्य करताच त्या म्हणाल्या, “अहो, ही तर मोदकाची पारी!” आणि खरोखरच, ज्या घरात उकडीचे मोदक वळले जातात त्या घरातील प्रत्येक बाईच्या बोटांना ही विद्या न शिकवता येत असते, फक्त तिला विद्या म्हणण्याची आपली पद्धत नाही. दुसरी रीत वळ्यांची. मातीच्या लांब वळ्या करून त्या एकीवर एक बसवीत भांडे चढवायचे. येथे सारी मेख सांध्यात असते. खालच्या काठावर खरवडून चरे पाडावे लागतात, त्यांवर पातळ कालविलेली माती लावावी लागते, मग वरची वळी दाबून सांधा बाहेरून आणि आतूनही पुसून एकजीव करावा लागतो. नुसता बाहेरून पुसला तर भांडे देखणे दिसते, परंतु वाळताना नेमके तेथेच तडकते. तिसरी रीत पोळीची: माती लाटण्याने लाटून, तिचे तुकडे कापून, ते थोडे आवळले की जोडायचे. डबे, पेट्या, चौकोनी कुंड्या या रीतीने होतात.

या रीती चाकाहून जुन्या आहेत आणि चाक आल्यावरही त्या संपल्या नाहीत. मणिपुरातील आंद्रो गावच्या स्त्रिया आजही चाकाशिवाय मडकी घडवितात. आपल्याकडे कुंभाराच्या घरी चाक पुरुषाचे मानले गेले. माती तुडविणे, मळणे, चुली थापणे ही कामे बायकांकडे आली. मान चाकाला मिळाला. पण चाकावर फिरून उतरलेला घडा तरी पुरता चाकाचा कोठे असतो? तो उतरतो तेव्हा जाड व आखूड असतो. थोडा आवळला की कुंभार आतून दगडी गोटा धरतो, बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके ठोकीत त्याचे पोट फुगवितो आणि बूड मिटवितो. म्हणजे आपण पाणी पितो त्या माठाचे पोट अर्धे तरी हाताचेच असते. या थापटण्याकडे मला पुढे पुन्हा वळावयाचे आहे. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

पहिल्या महिन्याच्या शेवटी माझ्याजवळ वाट्या, एक पेला आणि एक वाकडी सुरई एवढा संसार जमला होता. ती वाळवून फळीवर ठेवली होती आणि घरी नेऊन कोणती कोठे मांडायची याचा बेत मी केला होता. त्या शनिवारी ताईंनी पाण्याने भरलेली बादली मध्ये आणून ठेवली आणि प्रत्येकाने आपली भांडी तीत सोडावीत असे सांगितले. मी चकित होऊन पाहत राहिलो. त्या म्हणाल्या, “काका, ही शिकण्याची भांडी. माती फुकट जात नाही. पुढच्या शनिवारी हीच पुन्हा मळायची.” मी नाइलाजाने सुरई पाण्यात सोडली. बारीक बुडबुडे निघाले, काठ ढासळला, आणि पाच-दहा मिनिटांत माझ्या चार आठवड्यांच्या अभिमानाचा तळाशी चिखल झाला. नवल असे की, पूर्ण वाळलेले भांडे पाण्यात असे झटकन विरते. अर्धवट ओला गोळा मात्र हट्टाने तसाच बसून राहतो.

त्या दिवशी मी रुसून घरी आलो. परंतु पुढल्या शनिवारी तीच माती हातात घेतली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिला माझ्या चुकांची काही आठवण नव्हती. ज्या सुरईचे बूड मी जाड ठेवले होते, जिचा कान चुकीच्या जागी लावला होता, तिच्याबद्दल तिने मनात काही धरले नव्हते. हिशेबाच्या पक्क्या वहीत मला पस्तीस वर्षांत अशी क्षमा कधी मिळाली नव्हती.

ही क्षमा भट्टीपर्यंतच असते. सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या पुढे उष्णता गेली की मातीच्या कणांत रासायनिक बंधनाने राहिलेले पाणीही निघून जाते आणि मातीचा स्वभावच पालटतो. त्यानंतर ते भांडे वर्षभर पाण्यात बुडवून ठेवा, त्याची माती होणार नाही. ते फुटेल, परंतु विरघळणार नाही. आपण फुटण्याला नाश म्हणतो. वस्तुतः भाजलेल्या मातीइतके चिवट दुसरे फार थोडे असते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे वसती होती. त्या माणसांची भाषा गेली, नावे गेली, पण त्यांची खापरे उरली. घरातले मूल मेले तर दोन जाड मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला निजवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. ते कुंभ तीन हजार वर्षांनी जसेच्या तसे निघाले. ज्या आईबापांनी ते पुरले त्यांचे दुःख केव्हाच शमले असेल. दुःखाचे भांडे मात्र शमले नाही.

तेथेच जमिनीखाली मातीच्या पेटीसह कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैलही सापडला. एका मूर्तीला मस्तकच नव्हते. भांडी भाजणाऱ्या त्या लोकांना मूर्ती भाजता आल्या नसत्या असे नाही. त्यांनी त्या भाजल्या नाहीत. भाद्रपदात आपण आणतो तो गणपतीही पार्थिव, म्हणजे मातीचा, आणि तोही कच्चाच असावा लागतो. कारण त्याने पाण्यात परत जावयाचे असते. प्लास्टरच्या मूर्तीवर जो आक्षेप आहे तो एका परीने हाच की, ती परत जाणे विसरली आहे. तात्पर्य, कोणती वस्तू अग्नीला द्यावी आणि कोणती देऊ नये, याचा विवेक मनुष्य फार पुरातन काळापासून करीत आला आहे. काही गोष्टी कच्च्या राहतात त्या कोणाच्या आळसामुळे नव्हेत. त्या तशाच राहाव्यात असे कोणी तरी जाणून ठरविलेले असते.

येथवर लिहिलेले सारे मला भट्टीच्या अलीकडे उभे राहून सांगता आले असते. भट्टीच्या पलीकडचे जे सांगावयाचे आहे ते सांगण्यास जड जाते.

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोर परिसरात मुक्कामाला येते. त्या दिवसांत रस्ते वारकऱ्यांचे होतात आणि वाहने दुसऱ्या वाटेने वळवितात, म्हणून ताईंनी आदल्या शनिवारीच भट्टी लावण्याचे ठरविले. पाऊस सुरू झालेला होता आणि हवेत ओल होती. मी वळ्यांची एक बरणी केली होती. प्रथमच बादलीतून वाचलेली. तिचे बूड मी नेहमीप्रमाणे जाड ठेवले होते. भांडे वाळले की नाही हे पाहण्याची साधी खूण अशी की ते गालाला लावावे. गार लागले तर आत ओल आहे. मी बरणी गालाला लावली. ती गार लागली. ताई भट्टीपाशी बसून एकेकाची वस्तू आत ठेवीत होत्या. त्यांनी मान न वळविता विचारले, “काका, तळ वाळलाय ना? गालाला लावून पाहिलात?” मी म्हणालो, “हो, पाहिला.”

वाक्य शब्दशः खरे होते. हिशेबाच्या खात्यात राहून मनुष्य अशी वाक्ये बनविण्यास शिकतो.

आत राहिलेले पाणी शंभर अंशांला वाफ होते, आणि जाड बुडातून त्या वाफेला वाट मिळाली नाही तर बूड फोडून ती बाहेर येते. माझी बरणी फुटली त्याचे दुःख नाही. तिच्या शेजारी काकूंचे लहान तुळशीवृंदावन होते. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. जुने घर सोडून मुलीकडे सहाव्या मजल्यावर राहावयास आल्या तेव्हा अंगणातले वृंदावन मागे राहिले, म्हणून सज्जात मावेल असे एक त्या वळ्यांनी बांधीत होत्या. त्यात त्यांचे तीन आठवडे गेले होते. माझ्या बरणीच्या ठिकऱ्यांनी त्याची एक बाजू उडाली. भट्टी उघडली तेव्हा काकूंनी तो तुकडा उचलून जागेवर बसवून पाहिला आणि म्हणाल्या, “कच्चे असते तर भिजवून पुन्हा केले असते हो.” ताई म्हणाल्या, “पावसाळी हवा, काकू. होते असे कधी कधी.” मी काहीच बोललो नाही.

हवेवर आलेला तो दोष मी आठ दिवस हवेवरच राहू दिला. त्या आठ दिवसांत जे घडत गेले ते माझ्या दृष्टीने स्फोटाहून अधिक विचार करण्याजोगे आहे. पहिल्या दिवशी माझे खोटे ओले होते. बोट लावले असते तर मिटले असते. तिसऱ्या दिवशी त्याला आकार आला: आपण ‘पाहिला’ एवढेच म्हणालो होतो, ‘वाळला’ असे कोठे म्हटले? पाचव्या दिवशी त्याला दुसरी वळी चढली: शिक्षकाने स्वतः पाहावयास नको काय? सातव्या दिवशी तर मला ते देखणे वाटू लागले. आतून सांधा पुसलेला नव्हता, परंतु बाहेरून सारे गुळगुळीत होते. आणखी पंधरा दिवस गेले असते तर ते भाजून निघाले असते आणि मी पावसाळी हवेवर मनापासून विश्वास ठेवू लागलो असतो. माणसे खोटे बोलतात ती बहुधा अशीच. बोलतात तेव्हा त्यांना ते खोटे आहे हे ठाऊक असते. पुढे ते त्यांच्यापुरते खरे होऊन बसते, आणि मग त्यांना लबाड म्हणणेही चुकीचे ठरते.

या दिवसांतच मला थापटण्याची आठवण झाली. ते आपण परीक्षेचे साधन समजतो. परंतु भाजलेल्या मडक्यावर कोणता कुंभार थापटणे चालवील? पक्के मडके पारखायचे तर बोटाच्या पेराने टिचकी मारून त्याचा नाद ऐकतात. थापटणे कच्च्यासाठी असते. ज्याचे पोट अजून वाढावयाचे आहे, ज्याचे बूड अजून मिटावयाचे आहे, त्याच्यासाठी. मग गोरोबांच्या हातून नामदेवांच्या डोक्यावर जो प्रहार झाला तो निकाल कशावरून? तो घडविण्याचा एक ठोकाच का नसावा? आख्यायिका पुढे सांगते की, नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केले. जे मडके पक्के झाले आहे ते कोठे जाईल? कच्चे होते म्हणून नामदेवांना जाता आले. त्यांच्या रागापेक्षा मला आता त्यांचे ते जाणे मोठे वाटते. सर्व मंडळींत आपण कच्चे ठरलो हे कबूल करूनच तो प्रवास सुरू होऊ शकत होता.

कोणी म्हणेल, हे कच्चेपणाचे स्तोत्र पुरे झाले. कच्च्या घड्यात पाणी भरले तर घडाही जाईल आणि पाणीही. हा आक्षेप खरा आहे. आयुष्यभर कच्चे राहण्याचा हट्ट धरणारी माणसेही मी पाहिली आहेत. त्यांचे प्रत्येक मत विचाराधीन असते, प्रत्येक वचनाला ‘बघू’ ही शेपटी असते, आणि तहानेल्याला त्यांच्याकडून घोटभर पाणी मिळत नाही. भट्टीला भिऊन सगळी भांडी बादलीत सोडणारा मनुष्य कुंभार नव्हे. जगाला घडे लागतात, आणि घडे भाजावेच लागतात. माझा प्रश्न एवढाच आहे की, भाजण्याची वेळ कशावरून ठरवावी? पालखी आली म्हणून, शेजाऱ्यांची भांडी भट्टीत गेली म्हणून, की आपला तळ वाळला म्हणून?

आपल्या सुशिक्षित घरांत हा प्रश्न रोज उभा राहतो. दहा वर्षांच्या मुलाचा मार्ग पक्का करण्याची आपल्याला घाई असते, कारण इतरांच्या मुलांचे मार्ग पक्के झालेले असतात. त्याला काही विचारले आणि तो ‘माहीत नाही’ म्हणाला की आपल्याला लाज वाटते; म्हणून तो लवकरच ‘हो, पाहिले’ असे म्हणावयास शिकतो. ‘अजून ओले आहे’ हे तीन शब्द चारचौघांत उच्चारण्याची सोय ज्या घरात नाही, त्या घरातली भांडी केव्हा तरी शेजाऱ्याचे वृंदावन घेऊनच फुटतात. ओल हा मातीचा अपराध नव्हे. काही अवधी दिला की ती आपोआप जाते. ओल लपविणे हा मात्र मातीचा अपराध नव्हे, माणसाचा आहे.

पालखी पुढे गेल्यावर वर्ग पुन्हा भरला. मी ताईंना आणि काकूंना सर्वांसमक्ष सांगितले की बरणी ओली होती आणि ते मला ठाऊक होते. सांगताना असे वाटले होते की बोलून टाकले म्हणजे मन हलके होईल. तसे झाले नाही. ताईंचा चेहरा थोडा उतरला. त्यांनी दोष हवेवर घातला होता, तो माझ्यासाठी, हे मला त्या क्षणी कळले. उडालेली बाजू माझ्या बोलण्याने जागेवर बसली नाही आणि बसणारही नव्हती. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी नव्या वृंदावनाचे बूड थापून ठेवले होते. मग आपल्यापुढचा मातीचा गोळा अर्धा तोडून त्यांनी माझ्याकडे सरकविला आणि म्हणाल्या, “बसा. चार वळ्या करून द्या. आणि सारख्या करा हं, टोकाला बारीक नकोत.”

मी वळ्या करून दिल्या. पहिल्या दोन त्यांनी परत केल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी भट्टी लागली तेव्हा माझी नवी बरणी फळीवर तयार होती. मी ती गालाला लावली आणि ताईंना सांगितले की, ही या खेपेस राहू द्या. त्यांनी ‘बरं’ म्हणून दुसऱ्याची वाटी उचलली. काकूंचे वृंदावन आता त्यांच्या सज्जात आहे. माझी बरणी अजून फळीवर आहे. तिला गाल लावून पाहण्याचे काम दर शनिवारी करावे लागते, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही.